मूल सांभाळण्याचा खर्च शून्यावर आणण्याचे खात्रीशीर उपाय

मूल सांभाळायला पैसे लागतात ही अफवा आहे. पाळणाघरवाल्यांनीच उठवली असावी. या देशात पिढ्यान्‌पिढ्या मुलं फुकट वाढली. तुम्ही वाढलात, मी वाढलो, आणि आपल्या वाढण्याचं बिल आजवर कुणी आपल्या हातात ठेवलेलं नाही. तेव्हा पाळणाघराची महिन्याची फी ऐकून गप्प झालेल्या आईबापांनो, आधी घोटभर पाणी प्या. खर्च शून्यावर आणता येतो. तो कुणाच्या नावावर टाकायचा, एवढंच ठरवावं लागतं.

सुरुवात हिशेबाच्या पद्धतीपासून करा, निम्मं काम तिथंच उरकतं. घरात दोन पगार येतात. घराचा हप्ता, गाडीचा हप्ता, विमा, वायफाय हे सगळं दोन्ही पगारांच्या बेरजेतून जातं. पाळणाघराची फी मात्र फक्त आईच्या पगारातून वजा करायची. असं का, हे विचारू नये. सगळ्या घरांत असंच करतात. एक कागद घ्या. वर तिचा पगार लिहा. खाली पाळणाघर, रिक्षा, ऑफिसला घालायचे कपडे, मूल तापानं फणफणलं की होणाऱ्या बिनपगारी रजा, आणि बाहेरून मागवलेलं जेवण. (ती घरी असती तर मागवावं लागलं नसतं, म्हणून तेही तिच्याच खात्यावर.) रेघ मारा. खाली उरलेला आकडा तिच्यापुढे सरकवा आणि हळू आवाजात म्हणा, "मी नोकरी सोड म्हणत नाहीये हं. पण तूच बघ." आवाज चढवायचा नाही. निर्णय तिचा होता, असं पुढे पंचवीस वर्षं सांगता आलं पाहिजे.

या कागदावर काही गोष्टी चुकूनही येऊ देऊ नका. तिची पुढची पगारवाढ, प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी, हुकलेलं प्रमोशन, चार वर्षांनी ती मुलाखतीला गेल्यावर समोरचा चष्म्यावरून बघत विचारेल तो "मध्ये गॅप कसला?" हा प्रश्न. पाळणाघर चार-पाच वर्षांत संपतं आणि नोकरी त्यानंतर वीस-पंचवीस वर्षं चालते, हे खरं. पण कागद लहान आहे, त्याला तुम्ही काय करणार? आणि गंमत म्हणूनसुद्धा तीच फी बापाच्या पगारातून वजा करून बघू नका. तसं केलं की त्याची नोकरीही नाकापेक्षा मोती जड दिसायला लागते, आणि मग घरात कुणीच कामाला जाऊ नये असा निष्कर्ष निघतो. गणितात असा घोळ नको.

पगारही सोडायचा नसेल तर सर्वांत लोकप्रिय उपाय म्हणजे आजी. नातवंड ही दुधावरची साय असं ती स्वतःच म्हणते, त्यामुळे बोलणी सोपी जातात. "सांभाळशील का?" असं थेट विचारू नये, नकाराला जागा राहते. "आई, तुझाही वेळ चांगला जाईल," असं म्हणावं. तिचा वेळ आधी कसा जात होता, भिशी, भजनी मंडळ, दुपारची झोप, सकाळचं फिरणं, याची चौकशी या टप्प्यावर अप्रस्तुत आहे. ती गावी राहत असेल तर उत्तम. ती इकडे येते आणि आजोबा तिकडे डबा लावून राहतात. तो डबा पाळणाघराच्या खर्चात धरायचा नाही. दोन आज्या असतील तर तीन-तीन महिन्यांच्या पाळ्या लावा. एकीचे गुडघे गेले की दुसरीचे असतात.

आजीला सूचना मात्र लेखी द्या. "स्क्रीन अर्ध्या तासापेक्षा जास्त नको", "साखर अजिबात नको", "झोपवताना मांडीवर नको, सवय लागते" हे सगळं ऑफिसातल्या मीटिंगमध्ये बसून, टेबलाखाली मोबाइल धरून पाठवायचं. तिनं तुम्हाला मांडीवरच झोपवलं होतं, हा मुद्दा ती काढील. तेव्हा विज्ञान पुढे गेलंय असं सांगावं. संध्याकाळी घरी आल्यावर तिच्याकडे बघून "दिवसभर घरातच होतीस ना, मग दमलीस कशानं?" असं विचारायचा मोह होईल. तो आवरा. अशानं फुकटची माणसं हातची जातात.

विनामोबदला सांभाळण्याचीही सरकार मोजदाद करतं बरं का. केंद्राच्या सांख्यिकी कार्यालयाने २०२४ साली लोकांचा दिवस कसा जातो ते मोजलं. घरातल्यांची देखभाल करणाऱ्यांमध्ये बायका त्यासाठी दिवसाला सरासरी १३७ मिनिटं देतात आणि पुरुष ७५ मिनिटं. आता काही लोक लगेच विषमता विषमता म्हणून ओरडतील. तुम्ही त्या ७५ मिनिटांकडे अभिमानानं बघा. ही सरासरी जे मुळात हात लावतात त्यांचीच आहे, हात न लावणारे तिच्यात धरलेलेच नाहीत, ही बारीक गोष्ट सांगत बसायची गरज नाही.

तुम्ही नोकरदार असाल तर कायदाही तुमच्या पाठीशी आहे. किती पाठीशी, ते बघा. २०१७ च्या दुरुस्तीनं मातृत्व रजा पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची झाली. म्हणजे सहा महिने. तेवढ्यात मुलानं चालायला शिकावं, चमच्यानं जेवावं आणि शी-शू सांगायला लागावं, कारण बरीचशी पाळणाघरं त्याशिवाय घेत नाहीत किंवा घेतलं तर जास्त पैसे लावतात. मूल मागे पडत असेल तर त्याला समज द्या. बापाच्या रजेचं विचाराल, तर केंद्र सरकारी कर्मचारी असल्यास १५ दिवस मिळतात. खासगी नोकरीत कंपनीच्या मर्जीवर. पंधरा दिवसांत बारसंही उरकतं आणि लंगोट बदलतानाचा एखादा फोटोही निघतो. आणखी काय हवं?

त्याच दुरुस्तीत आणखी एक कलम आलं: जिथं ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील, तिथं मालकानं पाळणाघराची सोय करायची. पुढे सामाजिक सुरक्षा संहितेतही ते आलं. वाचायला फार सुंदर आहे. त्यामुळे इथून पुढचा सल्ला मालकवर्गासाठी. तुम्ही ४९ माणसं ठेवा. पन्नासावा कितीही हुशार असला तरी त्याला कंत्राटदाराच्या हजेरीपटावर घ्या, हजेरीपट वेगळा म्हणजे माणूस वेगळा. फारच झालं तर तळमजल्यावरच्या स्टोअररूममधून जुने मॉनिटर हलवा, भिंतीवर मिकी माउस चिकटवा आणि दाराला "बालकक्ष" अशी पाटी लावा. कुणी मूल आणत नाही हे बघून वर्षभरात मॉनिटर परत ठेवता येतात. लोकलच्या गर्दीत दीड तास बाळाला कडेवर घेऊन कुणी का आणत नाही, हे एक कोडंच आहे.

आधीचे कायदे मालकाला याहून सोपे होते, हेही सांगायला हवं. १९४८ च्या कारखाना कायद्यात ३० पेक्षा जास्त स्त्री कामगार असतील तर पाळणाघर; १९९६ च्या बांधकाम कामगारांच्या कायद्यात ५० पेक्षा जास्त स्त्री कामगार असतील तर. दोन्हींत मोजायच्या त्या फक्त बायका. पुरुष कितीही असोत, त्यांना मुलं होत नसावीत. त्यामुळे तिसाव्या बाईपाशी भरती थांबवली की पाळणाघर वाचायचं, आणि "बायका टिकत नाहीत हो" असंही म्हणायला मालक मोकळे. २०१७ ला मोजणीत पुरुषही आले, ही खरंच चांगली गोष्ट झाली. पण पाळणाघरात दिवसातून चारदा जाऊन येण्याची मुभा त्या कलमानं दिली ती बाईलाच. बापाला भेटावंसं वाटलं तर काय, याबद्दल कायदा काही बोलत नाही. बापाला काही वाटतं, हे कुणी गृहीतच धरलं नसावं.

बांधकामावरच्या पाळणाघरांचं सांगायचं तर १९६९ साली दिल्लीत गांधीजन्मशताब्दीच्या प्रदर्शनाचं बांधकाम चालू होतं आणि मजूर बायकांची पोरं तिथल्याच मातीत, उन्हात पडलेली होती. मीरा महादेवन यांना ते बघवलं नाही, त्यांनी तिथंच तंबूत पाळणाघर सुरू केलं आणि त्यातून मोबाइल क्रेशेस ही संस्था उभी राहिली. अशा लोकांपासून सावध राहा. आपण साइटवरून गाडी नेताना काच वर करतो, म्हणून आपला रक्तदाब ताब्यात राहतो.

सरकारी पाळणाघराचा पर्यायही आहे. आता ती योजना 'पाळणा' या नावाने चालते. २०१७ च्या राष्ट्रीय पाळणाघर योजनेत मुलामागे महिन्याला दारिद्र्यरेषेखालच्या घरानं २० रुपये, बारा हजारांपर्यंत मिळकत असेल तर १०० आणि त्यापुढे २०० असा दर होता. खासगी पाळणाघराची पावती बाजूला ठेवून हे वाचा, डोळे भरून येतील. वेळ रोज साडेसात तास. तेव्हा नोकरी अशी बघा जी साडेसात तासांत जाण्यायेण्यासकट आटपते. आणि एवढं स्वस्त कसं परवडतं, असा प्रश्न पडला तर उत्तर त्याच योजनेत होतं: तिथल्या सेविकेला महिन्याला ३,००० रुपये मानधन आणि मदतनिसाला १,५००. पगार म्हणायचं नाही, मानधन. त्यात मान आधीच दिलेला असतो, त्यामुळे धन थोडं कमी पडलं तरी चालतं.

अंगणवाडीचंही तेच. २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली, पुढे देशभर पसरली, पण केंद्र सरकार सेविकेला देतं ते २०१८ पासून महिन्याला ४,५०० रुपये; राज्यं आपापली भर घालतात. या बायकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं. त्या मोर्चा काढतात तेव्हा आपल्याला ट्रॅफिकचा त्रास होतो. तेव्हा "यांना कामं नाहीत का?" असं म्हणावं. कामं सोडून आल्या आहेत, म्हणूनच तर कळतंय, हा विचार सिग्नलला मनात येऊ देऊ नये.

नाइलाजानं खासगी पाळणाघरच घ्यावं लागलं, तर घासाघीस करायला शिका. तिथल्या ताईंना सांगा, "अहो, पोरं खेळतात, झोपतात, तुम्ही तर नुसत्या बसून असता." मग दुसऱ्याच दमात विचारा की सीसीटीव्ही आहे का, वरणभात गरम देता का, इंग्रजीत बोलता का, आणि आमच्या पिंटूला रोज कुणीतरी स्वतंत्र वेळ देईल ना. ताईंच्या हाताखालच्या दोघी कुठल्या वस्तीतून येतात आणि त्यांची मुलं या वेळी कोण सांभाळतं, हे विचारणं हेरगिरी ठरेल. संध्याकाळी साडेसातला धावतपळत पोचलात, मूल बूट घालून, दप्तर पाठीला लावून दाराशी बसलेलं दिसलं आणि ताई उशिराच्या जादा पैशाचं बोलल्या, की मनापासून दुखावलं जा. "तुम्ही तर घरच्यासारख्या!" घरच्यासारख्या म्हणजे फुकट, हे त्यांना एव्हाना कळायला हवं होतं.

(इथं एक तांत्रिक अडचण आहे, सांगून टाकतो. वर्षाच्या बाळाला भरवायला एका माणसाला अर्धा तास लागतो, तो आजीच्या काळीही लागत होता आणि आजही लागतो. मोबाइल स्वस्त झाले, विमानं स्वस्त झाली, पण भरवण्याचा वेग कुणाला वाढवता आला नाही. एका बाईच्या हातात मुलं कमी द्यावीत तर फी वाढते, जास्त द्यावीत तर मुलं रडतात. तिला पगार नीट द्यावा तर आईबाप रडतात. तज्ज्ञ यावर सरकारनं पैसे घालावेत असं सुचवतात. तज्ज्ञांना काय जातंय सुचवायला.)

ज्यांच्याकडे आजी नाही आणि फीही नाही, त्यांनी घरातली मोठी मुलगी वापरावी. आठ-नऊ वर्षांची असली तरी पुरते. बालशिक्षणात आयुष्य घातलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हे कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत जवळून बघितलं. शाळा आहे, पण मुली येत नाहीत, कारण कडेवर धाकटं भावंड आहे. मग त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी भरवली, म्हणजे धाकटं पाळण्यात आणि थोरली पाटीवर. इतका खटाटोप! आपण त्यापेक्षा मुलीला "आमची छोटी आई" म्हणावं, पाहुण्यांसमोर कौतुक करावं. पाचवीत ती मागे पडली तर मुळात अभ्यासात लक्षच नव्हतं म्हणावं.

एवढं सगळं जमवून मूल तीन वर्षांचं झालं, शाळेत जायला लागलं, की एखाद्या लग्नात पंगतीत कुणीतरी काकू तुमच्या पाठीवर हात ठेवून म्हणतील, "आता दुसऱ्याचं बघा, एकट्याला करमत नाही." रागवू नका. वाढायला आलेल्याला थांबवा, काकूंना शेजारी बसवून घ्या आणि विचारा, सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेआठ ते संध्याकाळी साडेसात, तुम्हाला कुठले वार जमतील?