हिशेब एकाचा, संसार दोघांचा

ऐरोली-पवईच्या आयटी ऑफिसांत सध्या एक मेसेज फिरतोय. सार असं: आयटीत दहा वर्षं झाली असतील तर नोकरी सोडा, अमेरिकेत एमबीए करा. अनुभवामुळे प्रवेश सोपा, ‘स्टेम’ (विज्ञान-तंत्रज्ञान-अभियांत्रिकी-गणित गटात धरलेल्या) एमबीएमुळे तीन वर्षं नोकरी पक्की, कोडिंगमधून कायमची सुटका आणि कर्ज दोन वर्षांत फिटतं.

आधी अनुभवाचं. तिथल्या दोन वर्षांच्या नावाजलेल्या एमबीएला येणाऱ्यांचा सरासरी अनुभव पाचेक वर्षांचा असतो. दहा-बारा वर्षं काढलेल्याला ‘आत्ताच का?’ हे जास्त पटवून द्यावं लागतं, आणि कॅम्पसवरच्या कंपन्या पाच वर्षंवाल्याला आणि दहा वर्षंवाल्याला बहुधा एकाच पायरीवर घेतात. अनुभवींसाठी एमआयटीचा स्लोन फेलोज किंवा स्टॅनफर्डचा एमएसएक्स असे एका वर्षाचे अभ्यासक्रम आहेत. पण त्यांत उन्हाळी इंटर्नशिपला जागा नाही, आणि क्षेत्र बदलणाऱ्याला तीच तर हवी असते.

तीन वर्षांची बेरीज बरोबर आहे: ओपीटीचे, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच शिक्षणानंतर काम करायच्या मुभेचे, 12 महिने, स्टेमचे वाढीव 24. पण ही काम करायची परवानगी झाली, नोकरी नव्हे. पहिल्या टप्प्यात बेकारीचे एकूण 90 दिवसच चालतात, मुदतवाढ धरून 150. वाढीव काळासाठी कंपनी ई-व्हेरिफायमध्ये (कामाची परवानगी तपासणाऱ्या तिथल्या सरकारी यंत्रणेत) नोंदलेली लागते. पुढे एच-वन-बी, म्हणजे कंपनीमार्फत मिळणारा नोकरीचा व्हिसा: वर्षाला 65 हजार, अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांसाठी आणखी 20 हजार, आणि अर्ज त्याहून कितीतरी जास्त. (पूर्वी कंपनीने अमेरिकेत पाठवलं असताना एच-वन-बीवर काम केलं असेल तर या व्हिसाच्या कमाल सहा वर्षांतली उरलेली मुदत सहसा या कोट्याबाहेर वापरता येते. मेसेजवाल्याला हे माहीत असतं तर त्याने तेही ठोकून दिलं असतं.)

कोडिंगचं काय? प्रॉडक्ट मॅनेजर म्हणून तुम्हाला घेतील ते तुम्हाला कोड कळतो म्हणूनच. पुढे.

खरी गोम कर्जात आहे. नामवंत ठिकाणी नुसती शिकवणी फी वर्षाला 75 हजार डॉलरच्या पुढे, म्हणजे दोन वर्षांचे सव्वा कोटीहून जास्त, राहणं-खाणं वेगळं. दीड कोटी 11 टक्क्यांनी घेतले तर वर्षाचं व्याजच साडेसोळा लाख. त्या व्याजावरची करसवलत आठ वर्षं मिळते, पण जुन्या करप्रणालीतच. तारण बहुतेकदा आईबाबांचा डोंबिवलीचा फ्लॅट. नोकरी न जमून मुंबईत परतलात तर हे सगळं रुपयांतल्या पगारातून फेडायचं.

शिवाय मेसेज लिहिणाऱ्याने माणूस सडाफटिंग धरलाय. पस्तिशीतल्या आयटीवाल्याच्या घरात बहुधा दोन पगार असतात आणि ठाण्याच्या घराचा हप्ता दोघांवर चालतो. एफ-टू, म्हणजे विद्यार्थ्याच्या कुटुंबीयांच्या, व्हिसावर गेलेल्या जोडीदाराला अमेरिकेत नोकरी करता येत नाही. म्हणजे बायको सोबत गेली तर दोन्ही पगार बंद, आणि ती इथे राहिली तर हप्ता, मुलाची शाळा, सासूबाईंची औषधं एकटीच्या गळ्यात. लंडनचा पर्याय सुचवणाऱ्यांसाठी: जानेवारी 2024 पासून तिथे एमबीएसारख्या अभ्यासक्रमाला जाणाऱ्याला जोडीदार डिपेंडंट म्हणून नेताच येत नाही. कॅनडात मास्टर्स 16 महिने किंवा त्याहून लांब असेल तर जोडीदाराला कामाचा परवाना मिळू शकतो. मेसेजमध्ये कॅनडाचं नावही नाही.