मूर्ती लहान, रॅम त्याहून लहान

छोटा डेस्कटॉप ग्राफिक डिझाइनच्या कामाला चालेल का, असा प्रश्न तुम्हाला पडल्याचं तुम्ही महिनाभर सगळ्यांना सांगता आहात. खरं तर तो तुम्हाला पडलेलाच नाही. डबा तुम्ही कधीच पसंत केलाय, आता फक्त कुणीतरी "घे रे बिनधास्त" म्हणायचं बाकी आहे. म्हणून पहिला सल्ला: आधी ठरवा, मग चौकशी करा. क्रम उलटा केलात तर चौकशीतून काहीतरी निष्पन्न व्हायचा धोका असतो.

चौकशी कुणाकडे करायची, यालाही शास्त्र आहे. जो रोज तुमचंच काम करतो त्याच्याकडे चुकूनही जाऊ नका. तो लगेच "तुझी नेहमीची फाइल केवढी असते?" असा आगाऊ प्रश्न विचारतो. त्यापेक्षा दिवसरात्र गेम खेळणारा भाचा गाठा. पडद्यावरचं चित्र काढणारं स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसेल तर संगणकाला संगणक म्हणूच नये, असं तो ठणकावून सांगेल. ते ऐकून घाबरलात की डबा तळहातावर नाचवणाऱ्या माणसाचा व्हिडिओ बघा. तळहातावर मावतो, तर डिझाइनला चालतो. या तर्कात खोट काढायला मला स्वतःला दोन वर्षं लागली, तुम्हालाही लागू द्या.

आता मोजमाप. २००५ साली मॅक मिनी हा ॲपलचा पहिला छोटा डबा आला, तेव्हा त्याची बाजू साडेसोळा सेंटिमीटर होती. मॉनिटर, कीबोर्ड आणि माऊस त्याच्यासोबत येत नसत, ते ज्याचे त्याने आणायचे. २०२४ च्या मॉडेलची बाजू १२.७ सेंटिमीटर आहे आणि मॉनिटर, कीबोर्ड, माऊस अजूनही ज्याचे त्यानेच आणायचे आहेत. म्हणजे एकोणीस वर्षांत तुमच्या टेबलावरची पावणेचार सेंटिमीटर जागा वाचली. ज्या टेबलावर दोन बंद पडलेले माऊस, रंगांच्या पट्ट्यांचा पंखा आणि मागच्या तीन कामांची प्रुफं पडलेली आहेत, तिथे पावणेचार सेंटिमीटरचं मोल काय सांगावं!

शिवाय डबा एकटा येत नाही, गोतावळा घेऊन येतो. बऱ्याच छोट्या डब्यांचा पॉवर अडॅप्टर बाहेर असतो आणि तो विटेएवढा असतो. पोर्ट कमी म्हणून एकाचे चार करणारा हब, हबला जागा हवी म्हणून स्टँड, जुन्या पेन टॅबलेटची पिन बसत नाही म्हणून वेगळी केबल. यूएसबी-सीची भोकं तर सगळी सारखीच दिसतात. बऱ्याचदा त्यातलं एखादंच मॉनिटर चालवतं, बाकीची फक्त फाइली वाहतात. कोणतं कशाचं हे आधी माहितीपत्रकात बघून ठेवलंत, तर शेवटच्या क्षणी टेबलाखाली ओणवं होऊन शोधण्याची मजा जाईल. बऱ्याचदा डबा मॉनिटरच्या पाठीवर स्क्रूने टांगायची सोयही असते. अवश्य टांगा. टेबल एकदम मोकळं दिसतं आणि पेन ड्राइव्ह लावायला मॉनिटरला मिठी मारावी लागते.

रॅमबद्दल, म्हणजे चालू काम ठेवायच्या जागेबद्दल, मात्र अजिबात हिशोब करू नका. हिशोब केला की माणूस खचतो. ए-फोर आकाराचं पान ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांनी, उघडलं की ते २४८० गुणिले ३५०८ पिक्सेल, म्हणजे साधारण ८७ लाख पिक्सेल होतं. पानभर पसरलेला एक साधा लेअर, म्हणजे चित्राचा एक थर, लाल-हिरव्या-निळ्या (आरजीबी) रंगांना प्रत्येकी आठ बिट धरून पंचवीसेक एमबी. तुम्ही हौसेने सोळा बिटांवर गेलात की दुप्पट. आता पान ए-टू पोस्टरचं करा, चौपट. असे चाळीस लेअर धरले तर आठ जीबी होतात. चाळीस कसे, म्हणाल. क्लायंटने आधी नाकारलेले तीन पर्याय तुम्ही त्याच फाइलमध्ये लेअरपुढचा डोळा मिटवून, लपवून ठेवले आहेत ना, ते मोजा. शिवाय माघार घेता यावी म्हणून फोटोशॉप तुमचं प्रत्येक पाऊल लक्षात ठेवतं, न सांगता पन्नासपर्यंत. सगळे लेअर काठोकाठ भरलेले नसतात हे खरं, पण मागे ब्राउझरच्या एकतीस टॅबही उघड्या असतात.

इथे छोट्या डब्याचा खरा मनमोकळा स्वभाव दिसतो. त्यात बहुतेक वेळा स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसतं, त्यामुळे चित्र दाखवणारा भागही याच रॅममधून आपला वाटा उचलतो. फोटोशॉप स्वतः किमान आठ जीबी मागतं आणि सोळाची शिफारस करतं. तुम्ही आठच घ्या. किमान म्हटलंय म्हणजे कंपनीने विचार करूनच म्हटलं असणार. रॅम संपली की उरलेला पसारा डिस्कवर ओतला जातो. ती डिस्क २५६ जीबीची, त्यात निम्मी आधीच भरलेली, आणि त्यातले वीस जीबी नुसते फॉन्ट, ज्यातले तुम्ही चार वापरता. मग ब्रश ओढल्यावर रेघ थोड्या वेळाने उमटते. त्या वेळात मान मोकळी करावी, डोळ्यांना विश्रांती द्यावी. इतकी काळजी मोठे संगणक घेत नाहीत.

"नंतर वाढवू" हे वाक्य खरेदीच्या वेळी मोठ्याने म्हणा, त्याने धीर येतो. काही डब्यांत लॅपटॉपची रॅम दोन खाचांत बसते, खालचे चार स्क्रू काढले की बदलता येते. काहींत ती कायमची जोडलेली असते, आणि मॅक मिनीसारख्यांत तर थेट चिपच्याच जोडीला बसवलेली. तिथे 'नंतर' नावाची गोष्टच नाही. आपला डबा कोणत्या जातीचा, हे विकत घेण्याआधी पाहणं म्हणजे त्या बिचाऱ्यावर अविश्वास दाखवणं. आणि दोन खाचा असतील तर एकातच पट्टी बसवलेला घ्या. दोन पट्ट्या असल्या की अंगभूत ग्राफिक्सला रुंद रस्ता मिळतो आणि काम उगाच लवकर संपतं.

आतला प्रोसेसरही बहुधा लॅपटॉपच्याच घराण्यातला असतो. तो मिनिटभर छान पळतो. बऱ्याच चाचण्याही थोड्याच वेळाच्या असतात, त्यामुळे आकडे बघून ऊर भरून येतो. तुमचं एक्स्पोर्ट मात्र चाळीस मिनिटांचं. लहान डबा, लहान पंखा, आत उष्मा कोंडला की प्रोसेसर आपणहून वेग उतरवतो आणि पंखा सुरू होतो. प्रोसेसरचे कोअर, म्हणजे काम करणारे हात, किती आहेत हे मोजून खूश व्हा. इलस्ट्रेटरची बरीच कामं एकाच कोअरवर चालतात, बाकीचे उभे राहून बघतात. अशी व्यवस्था तुम्ही नोकरीत असताना पाहिली असेलच.

डब्यात बॅटरी नसते. वीज गेली की तो क्षणात जातो, न जतन केलेली फाइल घेऊन. यूपीएस घेऊ नका, तो डब्यापेक्षा मोठा दिसतो आणि सगळी शोभा जाते.

राहता राहिला मॉनिटर. हा विषय शक्यतो काढूच नये, कारण तुमचं काम तुम्हाला दिसतं ते तिथेच. सगळं बजेट डब्यावर घालवा आणि त्याला तो जुना, एका बाजूने पिवळट झालेला पडदा जोडा. नवीन फोर-के घेतलाच, तर केबल आणि पोर्ट जुने ठेवा. एचडीएमआयची जुनी १.४ आवृत्ती असली की फोर-केचं चित्र सेकंदाला फक्त तीस वेळा बदलतं आणि माऊसचा बाण पडद्यावर ठेच लागल्यासारखा चालतो. एसआरजीबी नावाची रंगमर्यादा एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी १९९६ मध्ये मांडली. तेवढीसुद्धा पूर्ण दाखवू न शकणारे पडदे आजही मिळतात, जरा शोधावे लागतात इतकंच. रंग जुळवायचं यंत्र काचेवर लावून मॉनिटर ताळ्यावर आणता येतो, पण तुमची नजर काय कमी आहे? माझीही नव्हती. एका पुस्तिकेसाठी मी भडक, सुंदर निळा निवडला होता आणि छापून आला तो जांभळा. छपाईच्या चार शायांत, म्हणजे सीएमवायकेमध्ये, शुद्ध निळा असाच घसरतो, हे प्रेसवाल्याने मला अतिशय शांतपणे सांगितलं. मी घरी येऊन नव्या डब्यांची तुलना वाचायला बसलो.

आता एक गोष्ट कुजबुजत सांगतो, कुणाला कळू देऊ नका. लोगो, लेटरहेड, पुस्तकाची मांडणी, सोशल मीडियाच्या चौकटी एवढंच तुमचं काम असेल, तर सोळा जीबी रॅमचा, बऱ्या एसएसडीचा छोटा डबा पुरून उरतो. वाचलेले पैसे मॉनिटरला लावले, तर तो डबा आहे हेही तुम्ही विसराल. थ्री-डी, लांबलचक व्हिडिओ किंवा भिंतभर छपाईच्या जाड फाइली असतील, तर मोठी पेटी घ्यावी. एवढंच आहे. पण हे उत्तर दोन ओळींत संपतं आणि हातात करायला काही उरत नाही. तेव्हा ते बाजूला ठेवा. वाटल्यास उलट टोकाला जा. सात रंगांत लुकलुकणारा, काचेच्या बाजूंचा टॉवर घ्या आणि त्यावर व्हिजिटिंग कार्डं करा. खोली गरम राहील आणि भाचाही खूश होईल.

आणि घाई नको. मॉडेलची तुलना करायला एक तक्ता करा. तक्त्याला बरा फॉन्ट निवडा, ओळींतलं अंतर ठीक करा, रकान्यांना हलका करडा द्या. मग त्या तक्त्याच्या तीन वेगळ्या मांडण्या करून बघा. हे सगळं तुम्ही सध्याच्या सहा वर्षं जुन्या संगणकावर, कुरकुर न होता, सलग पाच तास करत होतात, याकडे दुर्लक्ष करा. मध्येच क्लायंटचा फोन येईल, लोगोचं काय झालं म्हणून. "मशीन बदलतोय, त्यामुळे थोडं अडकलंय," असं सांगा. तो समजून घेईल. पहिल्या दोन वेळा घेतो.

तिसऱ्या फोनच्या आत डबा घरी आला असेल. खोक्यातून काढा, तळहातावर ठेवून फोटो घ्या, अपडेट सुरू करा. अपडेट होईपर्यंत रात्र झालेली असेल, त्यामुळे लोगो उद्यावर. डबा २०२४ चा मॅक मिनी असेल, तर बंद करायचं बटण पुढे दिसणार नाही, मागेही नाही. उचलून बघा, खाली कोपऱ्यात आहे.