गगनबावडा तालुका मोडा म्हणणाऱ्या त्या फॉरवर्डला उत्तर

गेला आठवडाभर एक फॉरवर्ड आमच्या सगळ्या ग्रुपवर फिरतोय, गावच्या, भावकीच्या, अगदी दहावीच्या बॅचच्या सुद्धा. त्यात लिहिलंय की कोल्हापूर जिल्ह्याचा पश्चिमेकडचा डोंगरी भाग म्हणजे नुसतं जंगल, तिथं माणसंच नाहीत, जी होती ती गाव सोडून गेली, पाऊस रग्गड त्यामुळं पाण्याची अडचण नाही, आणि गगनबावड्यासारखा ३५ हजार लोकसंख्येचा तालुका चालवणं म्हणजे पैसा वाया, तो मोडून करवीरला, म्हणजे कोल्हापूर शहराच्या तालुक्याला, जोडा. चांगली शिकलेली माणसं खाली "अगदी बरोबर" लिहितायत म्हणून हे लिहायला बसलो. मी त्याच तालुक्यातला, नोकरीमुळं कोल्हापुरात राहतो, पण घर, शेत, माणसं सगळं तिकडंच.

पहिलं, "माणसंच नाहीत". आकडे २०११ चेच घ्यावे लागतात कारण २०२१ ची जनगणना झालीच नाही. तेव्हा जिल्ह्याची लोकसंख्या ३८ लाख ७६ हजार होती. आता डोंगराकडचे तालुके मोजा, शाहूवाडी, पन्हाळा, राधानगरी, गगनबावडा, भुदरगड, आजरा, चंदगड. सातांची बेरीज ११ लाखांच्या वर जाते, म्हणजे जिल्ह्यातल्या दर चार माणसांत एकापेक्षा जास्त माणूस या पट्ट्यातला आहे. फॉरवर्डवाल्यानं सगळ्यात लहान तालुका उचलला आणि त्याच्या आकड्यावर अख्खा डोंगर रिकामा करून टाकला.

बरं गगनबावड्याचंच बघू. चौरस किलोमीटरला सव्वाशे माणसं पडतात आणि जिल्ह्याची सरासरी ५०४ आहे, हे खरं. पण या भागाकारात खाली सगळी जमीन धरलीय, त्यात राखीव जंगल आलं, उभे कडे आले, धरणाचं पाणी आलं, तिथं माणूस राहणार कुठं? माणूस राहतो कुंभी आणि धामणी नदीच्या खोऱ्यात, जिथं भात लावता येतं आणि ऊस होतो तेवढ्या चिंचोळ्या पट्टीत, आणि तिथं घराला घर लागून आहे. उरलेली वस्ती डोंगराच्या खांद्यावर, धनगरवाडे, दहा-पंधरा उंबऱ्यांच्या वाड्या, एकीवरून दुसरीला जायचं तर ओढा उतरून परत चढायचा. सरासरीत हे काहीच दिसत नाही. आणि सरकारचे स्वतःचे नियम सुद्धा डोंगराला वेगळं माप लावतात, प्राथमिक आरोग्य केंद्र सपाटीवर ३० हजार लोकसंख्येला तर डोंगरी भागात २० हजारांना, उपकेंद्र सपाटीवर ५ हजारांना आणि इकडं ३ हजारांना. कारण साधं आहे, बाळंतीण बाईला डोंगर उतरून आणायला वेळ लागतो.

"गाव सोडून गेले" हे वाचून मला सगळ्यात जास्त लागलं. आमच्या पट्ट्यातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला जातात, आजरा, चंदगड, भुदरगडची तर घरटी माणसं गिरणीत होती, गिरणगावात गावाच्या मंडळाच्या खोल्या होत्या, एका खोलीत वीस-पंचवीस जण पाळीपाळीनं झोपायचे आणि पगार गावाला मनिऑर्डरनं यायचा. याला गाव सोडणं म्हणत नाहीत, गाव जगवणं म्हणतात. आजऱ्यात २०११ ला हजार पुरुषांमागं हजाराहून जास्त बायका भरल्या, जिल्ह्याचा आकडा ९५७ आहे. म्हणजे शेत, जनावरं, म्हातारीकोतारी, पोरांची शाळा, सगळं तिथं राहिलेल्या बाईच्या अंगावर आहे आणि ती तिथंच आहे. शिरगणतीवाले आले फेब्रुवारीत, तेव्हा बाप्या माणूस मुंबईला किंवा पुण्याला. गणपतीत या आमच्याकडं, मग सांगा घरं रिकामी आहेत का.

आता पाणी. गगनबावड्यात वर्षाला ५००० मिलिमीटरच्या पुढं पाऊस पडतो, तिकडं पूर्वेला सपाटीवरच्या शिरोळ तालुक्यात ५०० च्या आसपास, एकाच जिल्ह्यात दहा पट फरक. हा आकडा ऐकून लोकांना वाटतं तिकडं काय, नळ सोडला की पाणी. पण हा सगळा पाऊस चार महिन्यांत पडतो, उतार एवढा की पाणी थांबत नाही आणि माथ्यावरचा जांभा दगड पाणी धरून ठेवत नाही, खालच्या झऱ्यांतनं सोडून देतो. दिवाळीपर्यंत झरे खळखळतात, शिमग्याला बारीक होतात. आमच्या वाडीचा झरा मी मे महिन्यात बघितलाय, कातळात ओंजळीएवढी खळगी, त्यात पाणी साचायची वाट बघत बायका ओळीनं बसायच्या आणि वाटीनं वाटीनं हंडा भरायच्या. आमची आत्ती पहाटे तीनला कंदील घेऊन नंबर लावायला जायची कारण उजाडल्यावर गेलं तर दुपार व्हायची. वाटी कातळाला घासून घासून तिचा काठ झिजलेला, ती वाटी अजून घरात आहे. ज्या गावानं जूनपासून अंगावर पाऊस झेलला त्या गावाला मे महिन्यात हे, आणि तेच पाणी खाली लखमापूरच्या कुंभी धरणात अडवलेलं वरून दिसतं, पण ते वर चढत नाही.

याच्यातनंच "डोंगरावर खर्च वाया" याचं उत्तर येतं. कोल्हापूरची पंचगंगा नदी कशाची झाली? कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त म्हणतात ती सरस्वती. कासारी शाहूवाडीतनं, कुंभी गगनबावड्यातनं, तुळशी आणि भोगावती राधानगरीतनं. शाहू महाराजांनी राधानगरीला धरण बांधायला घेतलं ते याच डोंगरात, आणि आज खालचा ऊस, कारखाने, इचलकरंजी हे सगळं या पाण्यावर उभं आहे. कोल्हापूर शहराची थेट पाइपलाइन काळम्मावाडी धरणातनं येते, त्या धरणासाठी उठलेली गावं सुद्धा डोंगरातलीच होती, आपली चूल मोडून ती माणसं लांब सपाटीला जाऊन राहिली. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले की शहरातला माणूस पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघायला लागतो, ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. म्हणजे पूर आला की डोंगर आठवतो. त्या डोंगरावरची झाडं राखणं, माळ बॉक्साइटसाठी खरवडू न देणं, झरे धरणं, यावर खर्च केला तर त्याचा फायदा खाली शिरोळपर्यंत पोचतो.

राहिलं शेवटचं, तालुका मोडून करवीरला जोडा. करवीरची लोकसंख्या २०११ लाच १० लाखांच्या वर होती, त्या रांगेत आमची ३५ हजार माणसं शेवटी उभी राहणार हे सांगायला जाणकार लागत नाही. गगनबावडा ते कोल्हापूर ५५ किलोमीटर, आणि पावसाळ्यात मांडुकलीजवळ कुंभीचं पाणी रस्त्यावर आलं की तेवढाही रस्ता राहत नाही, दोन्हीकडची गाडी तिथंच थांबते. आत्तीला निराधारच्या पगारासाठी वर्षातनं एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. आता ती सकाळी भाकरी बांधून वाडीवरनं चालत खाली रस्त्याला येते, एसटीनं तालुक्याला जाते आणि दिवस मावळायच्या आत घरी पोचते. तेच कोल्हापूरला जायचं झालं तर जाऊन येऊन ११० किलोमीटर, त्यात साहेब जागेवर नसला तर परत दुसरा हेलपाटा, आणि संध्याकाळची गाडी चुकली तर सत्तरी ओलांडलेल्या बाईनं रात्र स्टँडवर काढायची.