फीत कापायला पैसे असतात

हिवाळ्यात सकाळी सातला चहा घेऊन फोनवर मराठी बातम्या उघडतो, तेव्हा इथे इंग्लंडातल्या बर्मिंगहॅममध्ये उजाडलेलं नसतं आणि तिकडे जेवणाची पानं घेतलेली असतात. लाडकी बहीण, गडकिल्ले, अभिजात मराठी. क्रम तेवढा बदलतो.

लाडकी बहीण आली की आमच्या इथल्या मराठी व्हॉट्सअॅप गटात ठरलेला सूर लागतो: रेवड्या! महिना १५०० रुपयांनी राज्य बुडालं म्हणे. असं लिहिणाऱ्यांतल्या कित्येकांनी इथे स्थायिक झाल्यावर मुलांच्या नावावर चाइल्ड बेनिफिट हा सरकारी भत्ता घेतलाय. मीही घेतला. तेव्हा रेवडी हा शब्द कुणाला आठवला नाही. आधी सरसकट पैसे वाटायचे आणि मग लाभार्थ्यांच्या पडताळणीला बसायचं, हा प्रकार मात्र मलाही खटकतो. द्यायचं-काढायचं हा घोळ इथेही होतो: ब्रिटनने २०२४ मध्ये बहुतेक पेन्शनरांचा हिवाळी इंधन भत्ता बंद केला, बोंबाबोंब झाली आणि २०२५ च्या जूनमध्ये त्यातल्या बहुतेकांना तो परत द्यायचं ठरलं.

मला जास्त छळतं ते वेगळंच. आमच्या शहराने २०१३ मध्ये जवळजवळ १९ कोटी पौंड खर्चून भलं मोठं ग्रंथालय उभारलं. उद्घाटनाला मलाला आली होती. दोन वर्षांत त्याची वेळ आठवड्याला ७३ तासांवरून ४० वर आली, कारण इमारतीला पैसे होते, माणसांना नव्हते. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये पालिकेने तिजोरी रिकामी झाल्याची कायदेशीर नोटीसच काढली. पुढच्या वर्षी घरपट्टी, म्हणजे कौन्सिल टॅक्स, सुमारे १० टक्क्यांनी वाढला आणि कलासंस्थांचं अनुदान दोन वर्षांत शून्यावर आणायचं ठरलं. श्रीमंत देशातलं दुसरं मोठं शहर हे, बरं का.

म्हणून जुलै २०२५ मध्ये शिवरायांच्या काळातले १२ किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले (महाराष्ट्रातले ११ आणि तमिळनाडूतली जिंजी), तेव्हा पेढे मीही वाटले, पण किल्ल्यांवरच्या पाण्याच्या टाक्यांतला गाळ दरवर्षी कोण उपसणार हे कुठल्याच बातमीत सापडेना. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठी अभिजात झाली, त्याचंही तेच. भाषा जिथे रोज वाचली जाते ती गावची वाचनालयं १९६७ च्या कायद्याखाली अ, ब, क, ड वर्गांत बसतात आणि अनुदानही वर्ग बघून मिळतं. ड वर्गातल्या ग्रंथपालाच्या हातात महिन्याला काय पडतं, हा आकडा मथळ्यात आलेला मी तरी पाहिलेला नाही. स्मारकाची उंची किती, ते मात्र सगळ्यांना पाठ.

मागच्या खेपेला गावी दादाला विचारलं, आपलं वाचनालय संध्याकाळी किती वाजेपर्यंत उघडं असतं? तो म्हणाला, "थांब, किल्ली कुणाकडे आहे ते विचारतो."