नवा राष्ट्राध्यक्ष आणि नानांचा कापूस

२००८ च्या डिसेंबरात एका रविवारी मी अमेरिकेतून अमळनेरजवळच्या आमच्या गावी फोन लावला, तेव्हा नानांनी, म्हणजे माझ्या थोरल्या काकांनी, खुशाली विचारण्याआधीच प्रश्न टाकला, ‘‘तुना ओबामा आमना कापूसले भाव देई का?’’ मी हसून विषय बदलला. नंतर लक्षात आले की, ४ नोव्हेंबरला ओबामा अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आल्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत त्यांच्या परराष्ट्र धोरणाविषयी मी मराठी वर्तमानपत्रांत जे काही वाचले, त्यात हा प्रश्न कोणीच विचारलेला नव्हता.

आपल्याकडची चर्चा काश्मीर आणि पाकिस्तानभोवती फिरत होती, आणि २६ नोव्हेंबरच्या मुंबईवरील हल्ल्यानंतर ते साहजिकही होते. इराक युद्धाला आरंभापासून विरोध करणारा माणूस अफगाणिस्तानकडे लक्ष वळवील आणि पाकिस्तानला जाब विचारील, ही आशा. निवडणुकीआधी एका मुलाखतीत ओबामांनी काश्मीरसाठी खास दूत नेमण्याचा विचार बोलून दाखवला होता, ही शंका. भारत-अमेरिका अणुकराराची चिंता मला फारशी वाटत नव्हती, कारण सिनेटमध्ये त्यांनी स्वतः त्याच्या बाजूने मत दिले होते आणि ऑक्टोबरमध्ये त्यावर सह्याही झाल्या होत्या. आउटसोर्सिंगविषयीची, म्हणजे अमेरिकी कंपन्यांची कामे परदेशांत पाठवण्याविषयीची, त्यांची भाषा मात्र अमळनेरात कान देऊन ऐकली जात होती. १९४५ साली वनस्पती तुपाच्या कारखान्याने तिथे सुरू झालेली विप्रो आज सॉफ्टवेअरवर चालते, आणि तिचे शेअर गावातल्या कितीतरी घरांत जपून ठेवलेले आहेत.

पण नानांकडे शेअर नाहीत, कापूस आहे; आणि योगायोगाने मी राहतो ते लबकही कापसाचेच गाव आहे. पश्चिम टेक्सासच्या या सपाट मुलखात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नजर पोहोचेल तिथवर पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, असते. थंडीने किंवा औषध मारून पाने वाळली, की एकटा माणूस यंत्रावर बसून झाडावरची सगळी बोंडे ओरबाडून घेतो. त्या कापसाचा शेतातच दाबून तेव्हा एसटीच्या बसएवढा लांबट ठोकळा करत, वर ताडपत्री ओढत, बाजूला रंगाने क्रमांक फवारत आणि ट्रक तो तसाच उचलून जिनात, म्हणजे सरकी वेगळी करण्याच्या कारखान्यात, नेई. पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला आमच्या वावरात ओटी बांधून वेचणी करणाऱ्या बाया आठवल्या. बोंडाच्या टोकांनी त्यांची बोटे सोलून निघत, आणि संध्याकाळी प्रत्येकीचे गाठोडे तोलून किलोवर मजुरी दिली जाई.

तरी खरा फरक यंत्राचा नाही. माझ्या एका सहकाऱ्याच्या वडिलांची येथे शेती आहे. त्यांना तेव्हा पौंडामागे ५२ सेंटचा सरकारी आधार होता, म्हणजे जागतिक भाव त्याखाली गेला, तर मधली तूट सरकार भरून देत असे. शिवाय आणखी दोन प्रकारची अनुदाने होतीच. त्यामुळे त्या हिवाळ्यात मंदीने भाव कोसळला असतानाही त्यांच्या पुढच्या पेरणीचा बेत बदललेला नव्हता. भाव पडूनही येथील उत्पादन हटत नसे आणि त्यातले बहुतेक निर्यात होई. मग भावावरचा दाब बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या देशांच्या जोडीने आमच्या तापीकाठालाही सोसावा लागे. ब्राझीलने याविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत खटला जिंकला, त्याला तेव्हा तीन वर्षे उलटून गेली होती. तरी मुख्य अनुदाने चालूच होती.

त्याच वर्षी, २००८ मध्ये, आलेल्या अमेरिकेच्या नव्या शेती कायद्याने ती पुढे चालू ठेवली. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बुश यांनी त्याला नकाराधिकार वापरला होता आणि निवडणुकीतले ओबामांचे प्रतिस्पर्धी मॅकेन यांचाही विरोध होता. ओबामांचा मात्र पाठिंबा होता. टेक्सासने कौल मॅकेन यांना दिला आणि आमच्या गावाने मनातल्या मनात ओबामांना. पण कापसापुरते पाहिले, तर नानांच्या हिताचा उमेदवार, म्हणजे मॅकेन, हरला. (मला येथे मत नाही, त्यामुळे मी दोन्हीकडून सुटलो.)

यावर नानांचे म्हणणे असे, की माणूस बदलला म्हणजे धोरण बदलेल. आपल्या जळगावच्या प्रतिभाताई पाटील तेव्हा राष्ट्रपती होत्या, पण परराष्ट्र धोरण त्या ठरवत नव्हत्या, हे त्यांना ठाऊक होते. अमेरिकेत मात्र सगळे एका खुर्चीत असते, असे त्यांना वाटते. तसे ते नाही. बुश यांचा तो नकाराधिकार काँग्रेसने दोनतृतीयांश मतांनी झुगारला, आणि व्यापार करार झटपट मंजूर करून घेण्याची राष्ट्राध्यक्षांची सवलत २००७ मध्येच संपली होती. २००८ च्या जुलैत जागतिक व्यापार संघटनेची जिनिव्हातली बोलणी फिसकटली, तेव्हा आपले त्या वेळचे वाणिज्यमंत्री कमलनाथ यांनी शेतकऱ्यांसाठी ठाम भूमिका घेतल्याचे कौतुक आपल्याकडे झाले. मलाही ती भूमिका पटली, पण त्या गडबडीत कापसाचा विषय पटलावर आलाच नाही, याचे दुःख कोणी केल्याचे मला दिसले नाही.

आपलेही हात अगदी कोरडे नाहीत. केंद्राने २००८ मध्ये लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला २,०३० रुपयांवरून एकदम ३,००० केला. पुढच्याच वर्षी लोकसभेची निवडणूक होती. नानांना तो मिळावा असेच मला वाटते, आणि तसे वाटत असताना सहकाऱ्याच्या वडिलांच्या ५२ सेंटवर बोट ठेवताना माझा आवाज थोडा खाली येतो. फरक एवढाच, की त्यांना तूट आपोआप मिळत असे आणि नानांना खरेदी केंद्रावर गाडी लावून दोन रात्री तिथेच काढाव्या लागत.

म्हणून काही दिवसांनी पुन्हा फोन करून मी नानांना सांगितले, की २० जानेवारीच्या ओबामांच्या शपथविधीची वाट पाहून कापूस घरात ठेवू नका. पुढची खोली छतापर्यंत भरली आहे, नातवंडे त्यावर उड्या मारतात आणि काकू दिवा तिकडे नेऊ देत नाही, असे ते म्हणाले. संक्रांतीआधी गाडी केंद्रावर नेतो म्हणाले. ओबामांचे नाव या वेळी त्यांनी घेतले नाही.