‘१२ लाख करमुक्त’ या मेसेजचा घरगुती हिशेब

१ फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पापासून एक मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे. सोसायटीच्या ग्रुपवर येतो, शाळासोबत्यांच्या ग्रुपवर येतो, आयकर विवरणपत्रं भरायचे दिवस आले की पुन्हा येतो. आताचा मजकूर थोडक्यात असा: "१२ लाखांपर्यंत कर शून्य. प्रत्येक मध्यमवर्गीय कुटुंबाचे वर्षाला ८० हजार वाचले. सगळ्यात जास्त फायदा मध्यमवर्गालाच. वर जीएसटीही कमी. सरकारी सेवा आपण वापरतोच कुठे? कर कमी करणं हीच खरी मदत." मी पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात लोकांची विवरणपत्रं भरून देतो. पगाराचे आकडे रोज डोळ्यांखालून जातात, म्हणून एकेका वाक्याला उत्तर देतो आहे.

"प्रत्येक मध्यमवर्गीय कुटुंबाचे ८० हजार वाचले."

गफलत ‘कुटुंब’ या शब्दातच आहे. पगारावरचा आयकर माणशी लागतो, घराला लागत नाही. २०२५ च्या जुलैत धायरीतलं एक जोडपं माझ्याकडे आलं होतं. त्याचा पगार महिना ६० हजार, तिचा ४५ हजार. दोघांचे मिळून वर्षाला १२ लाख ६० हजार. मेसेजमधलं कुटुंब डोळ्यांसमोर आणायचं तर ते हेच. तिने पर्समधून दोघांचे फॉर्म १६ (कंपनीने दिलेला पगार आणि कराचा दाखला) काढले, टेबलावर सरळ करून ठेवले आणि विचारलं, "सर, यंदापासून आमचे ८० हजार वाचणार ना?"

मी कागदावर मांडून दाखवलं. त्याचे ७ लाख २० हजार, त्यातून पगारदारांना सरसकट मिळणारी प्रमाणित वजावट ७५ हजार गेली की उरले ६ लाख ४५ हजार. नव्या करप्रणालीत (दर कमी, वजावटी मोजक्याच) ७ लाखांपर्यंत कर आधीपासूनच लागत नव्हता. तिचे तर ५ लाख ४० हजारच. दोघांचाही कर आधी शून्य, आताही शून्य. जो कर भरतच नव्हते, त्यातून काय वाचणार? ती कागदाकडे बघत राहिली. मुलाच्या शाळेचा दुसरा हप्ता त्या पैशांतून भरायचं तिने मनाशी धरलं होतं.

८० हजारांचा आकडा खरा आहे, पण ज्या एकट्या माणसाचं करपात्र उत्पन्न बरोबर १२ लाख आहे त्याच्यासाठी, म्हणजे पगारदार असेल तर पावणेतेरा लाख पगार. सेस (करावरचा जादा कर) धरला तर त्याचे ८३,२०० रुपये वाचतात. ९ लाख पगार असलेल्याचे ३३,८०० वाचतात, महिन्याला साधारण २,८००. हे पैसे कमी नाहीत, कुणाच्या तरी क्लासची फी त्यातून निघते. पण देशात भरल्या जाणाऱ्या विवरणपत्रांपैकी निम्म्याहून अधिक विवरणपत्रांत देय कर आधीच शून्य होता. ती भरणाऱ्यांपर्यंत ही सूट पोचलेली नाही.

"सगळ्यात जास्त फायदा मध्यमवर्गालाच."

नव्या टप्प्यांप्रमाणे २४ लाखांच्या वर कमावणाऱ्याचा कर १ लाख १० हजारांनी कमी झाला. ५० लाखवाल्याचाही तेवढाच. रुपयांत मोजलं तर माणशी जास्त फायदा वरच्यांचाच झाला. आणि जुन्या, वजावटींच्या प्रणालीत राहिलेल्यांचं काय? ८०सी ची (बचतीवरच्या वजावटीची) दीड लाखांची मर्यादा २०१४ पासून हललेली नाही, ३० टक्क्यांचा टप्पा २०१२ पासून १० लाखांवरच आहे. तेव्हाचे १० लाख आणि आजचे १० लाख पुण्यात सारखे नाहीत, हे घरभाडं भरणाऱ्या कुणालाही विचारा.

"वर जीएसटीही कमी."

हे मात्र बरंचसं खरं. २२ सप्टेंबर २०२५ पासून साबण, टूथपेस्ट, शाम्पू १८ वरून ५ टक्क्यांवर आले. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के कर पूर्ण गेला, आणि आईवडिलांची पॉलिसी भरणाऱ्यांना मी स्वतः फोन करून ते सांगितलं. पण ज्येष्ठांचा हप्ता विमा कंपनी नियामकाला विचारल्याशिवाय वर्षाला १० टक्क्यांपर्यंत वाढवू शकते. आधी १०० अधिक १८ भरत होता, आता १०० भरता. दोन वर्षं १०-१० टक्के वाढ झाली तर १२१. दोन नूतनीकरणांत सूट संपली.

"सरकारी सेवा आपण वापरतोच कुठे?"

या वाक्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. ते धायरीचं जोडपं रोज पीएमपीच्या, म्हणजे महापालिकांच्या बसने जातं. १ जून २०२५ पासून मासिक पास ९०० वरून १,५०० रुपये झाला. दोघांचे महिन्याला १,२०० वाढले, वर्षाला १४,४००. आयकरात वाचले शून्य, बसला गेले १४,४००.

केंद्राच्या आयकराचा आणि बसचा काय संबंध, असं कुणी म्हणेल. संबंध आहे. आयकराच्या वाटपयोग्य रकमेतला ४१ टक्के वाटा राज्यांना जातो. या सवलतीपायी केंद्राने १ लाख कोटी सोडले, त्यात राज्यांचाही वाटा आलाच. महापालिकेची जकात गेली, २०१३ ला आलेला एलबीटी (स्थानिक संस्था कर) हाही गेला, २०१७ पासून पालिका जीएसटीच्या अनुदानासाठी राज्याकडे बघते. आणि बसची तूट तर मुख्यतः पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिकांनीच भरायची असते.

आता पाणी. अर्थसंकल्प वाचला जात होता त्याच आठवड्यात सिंहगड रस्त्यावरच्या नांदेड गाव, किरकटवाडी, धायरीत लोक पाणी उकळून पीत होते. जीबीएस या नसांच्या आजाराची साथ होती, संशयित आणि निश्चित रुग्ण मिळून आकडा २०० च्या पुढे गेला आणि संशय दूषित पाण्यावर होता. आमच्या रस्त्याच्या टोकाला खडकवासला धरण आहे. धायरी २०१७ ला महापालिकेत आली, नांदेड आणि किरकटवाडी २०२१ ला. हद्द वाढली, पण शुद्ध केलेलं पाणी त्या वेगाने पोचलं नाही. हातपायांतली शक्ती गेलेल्या माणसाला लागणाऱ्या इंजेक्शनची एकेक कुपी हजारोंची. तेव्हा पुण्याचं कमला नेहरू आणि पिंपरी-चिंचवडचं वायसीएम या पालिकांच्या रुग्णालयांत मोफत उपचार जाहीर झाले. सरकारी सेवा वापरत नाही म्हणणारी कितीतरी घरं त्या दिवसांत तिथले फोन नंबर शोधत होती.

जलशुद्धीकरण केंद्र कुणी एकटा ८० हजारांत बांधू शकत नाही. एकटा माणूस फक्त आरओचं मशीन घेऊ शकतो. त्या जोडप्याने त्या फेब्रुवारीत तेच केलं, हप्त्यावर. जुलैत माझ्यासमोर खर्च मांडताना तिने तो हप्ताही लिहिला, त्याखाली सोसायटीच्या मेंटेनन्समधला टँकरचा वेगळा आकडा लिहिला, आणि मला विचारलं, "याची कुठे वजावट मिळते का?"

मिळत नाही. मी तिला तसं सांगितलं.