‘खेळात शिकण्यासारखे काय आहे?’ असे विचारणाऱ्या संदेशाला उत्तर

कापूस वेचणीच्या दिवसांत डिझाइनच्या प्रवेश परीक्षांचे अर्ज निघतात आणि त्याच सुमारास पालकांच्या गटांमधून एक संदेश फिरू लागतो. त्याचे म्हणणे असे की, खेळ आपोआप तयार होतात, त्यांत शिकण्यासारखे काही नसते. गेम डिझाइन म्हणजे जुगाराची ॲप बनवण्याचे शिक्षण. खेळाचा अभ्यास हे कालपरवाचे खूळ. आणि शेतकऱ्याच्या मुलांनी तर त्या वाटेला जाऊच नये. यंदा हा संदेश माझ्या थोरल्या भावाच्या मोबाईलवर आला आणि वर्षभर तयारी करणाऱ्या माझ्या पुतणीचा अर्ज भरणे थांबले. म्हणून हे सविस्तर उत्तर.

पहिला मुद्दा सर्वांत पोकळ आहे आणि तो आमच्या वऱ्हाडात कुणाला पटावा, हे अधिक खेदाचे आहे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी जगापुढे कबड्डीचे प्रात्यक्षिक दाखवले. आजही थंडीत गावोगावी दिवे लावून रात्रीचे सामने होतात. त्या मैदानावर बसून एवढेच पाहावे की बाद झालेल्या खेळाडूचे काय होते. संजीवनी प्रकारात प्रतिपक्षाचा गडी बाद झाला की आपला एक गडी परत येतो. अमर प्रकारात कुणी बाहेर जातच नाही, फक्त गुण मोजले जातात. आणखी एका प्रकारात सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेर गेलेल्याने बाहेरच बसायचे असते. चढाई तीच, पकड तीच, पण एक नियम बदलताच सामन्याचा सगळा रंग बदलतो. आज अधिकृत स्पर्धांत संजीवनीच खेळली जाते, कारण कुणीतरी या प्रकारांची तुलना करून तो निर्णय घेतला.

२०१४ मध्ये सुरू झालेल्या प्रो कबड्डी लीगने हेच काम पुढे नेले. आघाडीवरचा संघ रिकाम्या चढाया करून वेळ काढू लागला तर प्रेक्षक कंटाळतात. म्हणून लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण मिळवणे सक्तीचे, नाहीतर चढाई करणारा बाद. मैदानात तीन किंवा त्याहून कमी बचावपटू उरलेले असताना त्यांनी पकड केली तर एक जादा गुण मिळतो, म्हणजे मागे पडलेल्या संघाची आशा शेवटपर्यंत टिकते. कंटाळा कुठे येतो, आशा कुठे संपते आणि कोणता नियम ती पुन्हा जागवतो, हे शोधणे म्हणजेच खेळाची रचना होय. ते आपोआप घडते असे म्हणणाऱ्याने कबड्डी पाहिली असेल, पण तिच्यावर विचार केलेला नाही.

जुगाराच्या मुद्द्यात मात्र अर्धे सत्य आहे आणि ते नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. मोबाईलवर पैसे लावून खेळण्याने आमच्या भागातलीही घरे बुडाली आहेत, कापसाचे चुकारे त्यात गेले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेनेही गेमिंगच्या विकाराला आजारांच्या वर्गीकरणात स्थान दिले असून ते वर्गीकरण जानेवारी २०२२ पासून लागू आहे. परंतु ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेला ऑनलाइन गेमिंगचा कायदा वाचावा. पैसे लावून खेळायच्या सर्व ऑनलाइन खेळांवर, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, त्याने बंदी घातली आणि त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्स, करमणुकीचे व शैक्षणिक खेळ यांना प्रोत्साहन देण्याची तरतूद केली. जो फरक कायद्याला कळतो, तो संदेश लिहिणाऱ्याने जाणूनबुजून पुसला आहे. पैसे उकळणारे ॲप माणसाला कसे अडकवते, हे उलगडून सांगू शकणारी माणसेही याच अभ्यासातून तयार होतात.

खेळ गंभीर विषय मांडू शकतो, याचे एक उदाहरण मक्त्याने वावर कसणाऱ्या प्रत्येक घराने ऐकावे. एलिझाबेथ मॅगी या अमेरिकन बाईंनी १९०४ मध्ये एका पटखेळाचे पेटंट घेतले. जमीन ज्याच्या मालकीची तो नुसत्या भाड्यावर श्रीमंत होतो आणि बाकीचे कंगाल होतात, हे खेळणाऱ्याला स्वतःच्या खिशातून कळावे, हा त्यांचा हेतू होता. त्याच खेळातून पुढे मोनोपॉली आला आणि आपल्याकडचा ‘व्यापार’ही त्याच कुळातला आहे.

‘कालपरवाचे खूळ’ या मुद्द्यावर फार शब्द खर्च करण्याची गरज नाही. डच इतिहासकार योहान हुइझिंगा यांनी खेळ आणि संस्कृती यांच्यावरचा ग्रंथ १९३८ मध्ये लिहिला. रोजे काय्वा या फ्रेंच अभ्यासकांनी १९५८ मध्ये खेळांचे स्पर्धा, नशीब, सोंग आणि भोवंड असे चार वर्ग केले. कबड्डी, सोंगट्या, भातुकली आणि फुगडी त्यांत बिनचूक बसतात. आपल्या देशात राष्ट्रीय डिझाइन संस्थेत डिजिटल गेम डिझाइन हा पदव्युत्तर विषय आहे.

राहिला शेतकऱ्याच्या मुलांचा प्रश्न. आमच्या शाळेच्या पटांगणात लहान भाऊ मागे लागला की मुले त्याला कच्चे लिंबू करून घेतात: तो पळतो, शिवतो, पण बाद होत नाही. जागा अरुंद असली की आट्यापाट्यांची एक पाटी कमी करतात आणि पाहतात की खेळ फार सोपा तर झाला नाही ना. नियम बदलून परिणाम पाहण्याची ही सवय त्यांना रोजची आहे, ती विकत घ्यावी लागत नाही. आयआयटी मुंबई घेत असलेली पदवीची प्रवेश परीक्षा, यूसीड, कला, वाणिज्य, विज्ञान अशा कोणत्याही शाखेच्या बारावीच्या विद्यार्थ्याला देता येते. शुल्क मोठे आहे, हे खरे. काही खासगी संस्था नोकरीची खोटी हमी देतात, हेही खरे. भावाशी बोलणे झाले आहे. पुतणीचा अर्ज मुदतीत भरला जाईल आणि शिष्यवृत्तीची चौकशी आम्ही सुरू केली आहे.